मागितली म्हणून न मिळालेली वेल

बातमी आली तेव्हा मी भंडाऱ्याच्या बाजारात एका वांगीवाल्याशी हुज्जत घालत होतो. त्याचं अर्ध्या किलोचं वजन मला हलकं वाटत होतं, म्हणून ते हातात घेऊन मी उलटंपालटं करून पाहत होतो. तेवढ्यात घरून सुमनचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन आला. "पहिले घरी या," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मग हुंदक्यातच "देवरावभाऊ..." असं म्हणाली आणि मी समजलो. वांगी तिथंच राहिली, पिशवी तिथंच राहिली. घरी पोचलो तर त्या वांगीवाल्याचं वजन माझ्या मुठीत! दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम केलं ते वजन परत नेऊन देण्याचं. वांगीवाला म्हणाला, "राहू द्यायचं ना गुरुजी, येवढं काय त्याच्यात." मी म्हणालो, "दुसऱ्याची वस्तू आहे." हे मुद्दाम सांगतो आहे. कारण माझ्या ह्याच स्वभावापायी शेजारच्या देवरावभाऊंशी माझं वीस वर्षं भांडण चाललं, आणि ते मिटायच्या आत भाऊ निघून गेले.

त्या दिवशी भाऊंना त्यांच्या बैठकीत ठेवलं होतं. सारी गल्ली जमली होती. बाया रडत होत्या, पुरुष भिंतीला टेकून उभे होते, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जो तो आधी भाऊंकडे बघायचा आणि मग हळूच मान वर करून छताकडे बघायचा. छताखाली भाऊंची मनी प्लांटची वेल होती. खिडकीतल्या एका तपकिरी बाटलीतून ती निघे, खिळ्यांना बांधलेल्या दोऱ्यांवरून चारही भिंती फिरे, भाऊंच्या आईबापाच्या फोटोला वळसा घाली, घड्याळावरून जाई आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवरून आत डोकावे. घड्याळाच्या चाराच्या आकड्यावर एक मोठं पान कायम लोळत असायचं, पण ते बाजूला करायची कुणाची हिंमत नव्हती. जमलेल्यांपैकी प्रत्येकाला माहीत होतं की आपण ह्या वेलीची फांदी कुठून तोडली होती. मलाच तेवढं बघण्यासारखं काही नव्हतं. मी खाली बघत उभा होतो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे मनी प्लांटचा एक कायदा आहे. तो विकत आणलेला चालत नाही आणि मागून आणलेला तर मुळीच चालत नाही. तो दुसऱ्याच्या घरून चोरूनच आणावा लागतो, तरच घरात भरभराट होते. भरभराट झालेला एकही माणूस मी आजवर पाहिलेला नाही, तो भाग वेगळा. पण चांगली शिकलेली, पोरांना इंग्रजी शाळेत घालणारी माणसंसुद्धा ह्या एका बाबतीत बिनदिक्कत चोर होतात. देवरावभाऊंची ह्या कायद्यावर अढळ श्रद्धा होती, आणि ती त्यांना शोभतही होती. कारण त्यांची सारी नोकरी जवाहरनगरच्या कारखान्यात दरबान म्हणून गेली. येणाऱ्याजाणाऱ्याची फाटकावर झडती घ्यायची, हे त्यांचं काम. "गुरुजी, मी खिसे नाही पाहत, मी तोंड पाहतो," असं म्हणायचे. अशा माणसाची पहिली फांदी कुठली, तर कॉलनीतल्या एका साहेबाच्या व्हरांड्यातली! डोक्यावरच्या टोपीत लपवून आणली होती म्हणे. निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारी घर बांधून राहायला आले, तेव्हा ट्रकमध्ये सामान मागं आणि ती बाटली भाऊंच्या मांडीवर.

मी आसगावचा. घरी धानाची शेती, पण मी मास्तरकीत पडलो आणि हेडमास्तर होऊन निवृत्त झालो. खडूचा तुकडा खिशात घालून नेणाऱ्या पोराला सुद्धा मी सोडलं नाही. तेव्हा, नोकरीत असतानाच, नवीन शेजारी म्हणून चहाला गेलो, वेल बघितली, आवडली, आणि सरळ माणसासारखं म्हणालो, "भाऊ, एक फांदी द्या की आम्हाला." देवरावभाऊंच्या हातातली बशी थांबली. "मांगतलं?" ते आत बघून ओरडले, "कौसल्या, गुरुजीनं मांगतलं!" त्यांच्या पत्नी कौसल्यावहिनी दारात आल्या आणि मला एखादं आजारपण निघाल्यासारख्या माझ्याकडे बघू लागल्या. "असं कसं केलं जी गुरुजी," भाऊ हळहळून म्हणाले, "तुम्ही गुपचूप तोडून नेली असती तं मी तुमच्याच घरी येऊन तुम्हाले पकडलं असतं." हा काय प्रकार आहे, ते मला पुढं गल्लीत राहून कळलं.

प्रकार असा होता. कुणी चहाला आलं की भाऊ काहीतरी निमित्त काढून आत जायचे. आत जाताना जोरात खाकरायचे. पाहुण्यानं तेवढ्यात फांदी तोडायची, पदराखाली नाहीतर पिशवीत घालायची आणि साळसूद चेहऱ्यानं निरोप घ्यायचा. भाऊ फाटकापर्यंत पोचवायला जायचे, तोंडाकडे नीट बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. मग पंधरा दिवसांनी एका सकाळी चोराच्या दारात उभे! "ही वेल माझी हाय! चोर सापडला!" आरडाओरडा एवढा की शेजारपाजारचे गोळा व्हायचे. चोर लाजायचा, गल्ली हसायची, मग चोराघरी चहा व्हायचा आणि भाऊ तिथंच मांडी घालून वेल कशी सांभाळायची त्याचा धडा द्यायचे. भिंतीपलीकडून कानावर पडायचं तेवढं मलाही पाठ झालं होतं. पाणी आठवड्यानं बदला, बाटली काळपट घ्या म्हणजे मुळ्यांना शेवाळ धरणार नाही, मे महिन्यात खिडकीपासून लांब ठेवा, पानं ओल्या फडक्यानं पुसा, आणि लाड करू नका, लाडानं मरते ती. त्यानंतर त्या घरी भाऊंचं महिन्यातून एकदा जाणं ठरलेलं. त्याला ते 'तपास' म्हणायचे. अशी ही वेल आमच्या गल्लीतल्या घराघरांत पोचली. भाऊंच्या बहिणीनं तर जेवणाच्या डब्यात घालून नदीवरचा कारध्याचा पूल ओलांडून पलीकडे नेली, आणि भाऊ सायकलीवर तपासाला गेले.

माझ्या घरी तपासाला कधीच आले नाहीत. येणार कशाला? चोरीच झाली नव्हती.

खरं सांगतो, मला ती वेल हवी होती. आमच्या बैठकीच्या भिंतीवर माझं निरोप समारंभाचं मानपत्र सोडलं तर काही नाही. पण मला ती हातानं दिलेली हवी होती, आणि भाऊंना ती मी चोरलेली हवी होती. दोघंही आपापल्या जागी पक्के. त्यांनी काय कमी युक्त्या केल्या? एकदा मला चहाला बोलावून चाळीस मिनिटं आत जाऊन बसले. समोर टेबलावर नवीकोरी ब्लेड, कागदाच्या घडीवर अशी ठेवलेली की आंधळ्यालाही दिसावी. मी पेपर वाचत बसलो. अग्रलेख वाचला, बाजारभाव वाचले, शेवटी हरवल्याच्या जाहिराती वाचल्या. भाऊ घामाघूम होऊन बाहेर आले आणि भिंतीवरून नजर फिरवली. "काय करून राहिले जी इतका वेळ?" "पेपर वाचतो आहे." "पेपर!" ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे देवा, कोणत्या मातीचा माणूस हाय हा!" मीही युक्त्या केल्या. घरचं आंब्याचं लोणचं बरणीभर नेलं आणि म्हणालो की ह्याच्या बदल्यात एक फांदी. भाऊंनी लोणचं ठेवून घेतलं आणि सांगितलं, "बदल्यात म्हणजे विकतच झालं जी ते."

एका हिवाळ्यात तर त्यांनी कमालच केली. खिडकीतून एक फांदी बाहेर काढून आमच्या दोघांच्या सामायिक भिंतीवरून माझ्या अंगणात सोडून दिली. दोन हात लांब, पानं चकचकीत पुसलेली. सकाळी मी बघितलं आणि काय केलं असेन? काठीनं उचलून अलगद पलीकडे ठेवली आणि वर चिठ्ठी लिहून पाठवली, 'आपली वेल आमच्या हद्दीत आलेली आहे, कृपया आवरून घ्यावी.' खाली सही आणि तारीख. ती चिठ्ठी भाऊंनी गल्लीभर वाचून दाखवली. सुमन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "तुम्ही मास्तर होते तोपर्यंत ठीक होतं," ती म्हणाली, "आता घरी आले, आता तं माणसासारखं वागा."

पण त्यानंतर मी जे केलं, ते सांगताना हसू येत नाही. सुमन शेवटी कंटाळली आणि तिनंच एक दिवस फांदी तोडून आणली. बाटलीत घालून स्वयंपाकघराच्या ओट्यावर डब्यांमागं ठेवली, आणि पंधरा दिवसांनी मला ती दिसली. माझं डोकं फिरलं. ह्या घरात चोरीची वस्तू येणार नाही, असं काहीबाही बोललो, आणि ती फांदी स्टीलच्या ताटलीत ठेवून, वर रुमाल झाकून, भाऊंच्या घरी परत द्यायला निघालो. त्यांच्या अंगणात चारपाच जणं बसली होती. मी सगळ्यांसमोर ताटली पुढं केली. "भाऊ, ही आपली वस्तू. आमच्या घरून चूक झाली." कुणी हसलं नाही. भाऊ नव्या सदऱ्यात होते. मागाहून सुमननं सांगितलं की त्याच सकाळी ते आमच्याकडे तपासाला यायचे होते, वहिनींना म्हणाले होते, आज गुरुजीले पकडतो. त्यांनी ताटली घेतली, "बरं," म्हणाले, आणि आत गेले. ती फांदी त्यांनी पुन्हा पाण्यात ठेवली होती, पण जगली नाही. आमच्यात बोलणं बंद झालं नाही, चहाही चालू राहिला. पण आत जाताना खाकरणं त्यांनी बंद केलं. तेवढं मला कळलं, आणि कळूनही मी काही केलं नाही. मूर्ख माणूस मी.

दवाखान्यात शेवटची भेट झाली. भाऊ खंगले होते, तरी नर्सला सांगत होते की खिडकीतल्या कुंडीला फार पाणी देऊन राहिली पोरी, मरून जाईल ते. मी स्टुलावर बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग वहिनी औषध आणायला बाहेर गेल्या तेव्हा भाऊ छताकडे बघत म्हणाले, "साऱ्या गल्लीनं मले लुटलं गुरुजी. पोस्टमननं लुटलं, गॅसवाल्यानं लुटलं... तुम्हीच एक परके राह्यले." मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. "मी गेल्यावर तरी न्याल का जी?" त्यांनी विचारलं. आणि मी काय म्हणालो असेन? "आधी तुम्ही बरे व्हा, मग बघू." शाळेत पालकांना सांगायचो तसं. भाऊ हसले, म्हणाले, "हो, हो, आधी अर्ज करतो." पाच दिवसांनी तो बाजारातला फोन आला.

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर कौसल्यावहिनींनी मला थांबवलं. त्यांच्या हातात कात्री होती. "गुरुजी, लय वर्षं झाले. घेऊन जा तुम्ही. मीच तोडून देतो," आणि त्यांनी घड्याळाजवळची फांदी धरली. वीस वर्षं जे हवं होतं ते समोर आलं होतं, आणि मी चक्क ओरडलो, "नको! देऊ नका!" आजूबाजूचे बघायला लागले. वहिनी घाबरल्या. मी घाईघाईनं चपला घातल्या आणि घरी आलो. सुमननं विचारलं, आता काय झालं? मी म्हणालो, "दिलेली मला चालत नाही." ती तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि हसता हसता रडली. मग मीही.

तर चोरी करायची ठरली. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी! दोन आठवडे मी नुसता विचार करत होतो. शेवटी एका दुपारी वहिनींकडे गेलो, ख्यालीखुशाली विचारली आणि पाणी मागितलं. त्या आत गेल्या. मी उठलो तर गुडघा एवढ्या जोरात वाजला की मला वाटलं, साऱ्या गल्लीनं ऐकला. खिडकीजवळ हाताला लागलं ते खुडलं, खिशात कोंबलं आणि जागेवर येऊन बसलो. वहिनींनी पाणी दिलं ते अर्धं अंगावर सांडलं. "तब्येत बरी आहे ना गुरुजी?" "उत्तम आहे," म्हणालो आणि सुटलो. घरी येऊन खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली घेतली, पाणी भरलं आणि माझी चोरी त्यात ठेवली. सुमनला म्हणालो, बघ. ती बघून गप्प बसली. मला वाटलं, कौतुकानं गप्प बसली.

रोज सकाळी उठून मी आधी बाटली बघायचो. पान हिरवंगार, पण मुळी काही फुटेना. आठवडा गेला, पाणी बदललं. दुसरा गेला, ओल्या फडक्यानं पुसलं. तिसरा गेला तेव्हा मला खात्री पटली की भाऊ वर बसून माझी परीक्षा घेताहेत, त्या ताटलीबद्दल. हसू नका, रात्रंदिवस एका पानाकडे बघत बसलं की माणसाला असं वाटायला लागतं. शेवटी राहवेना. बाटली घेऊन उठलो आणि वहिनींच्या घरी जाऊन सरळ सांगून टाकलं, "वहिनी, मी तुमच्याकडे चोरी केली, आणि ती लागत नाही."

वहिनी भाऊ गेल्यापासून घराबाहेर पडल्या नव्हत्या. बोलणंही कमीच झालं होतं. त्यांनी बाटली उजेडाकडे धरली, फिरवली आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. "चोरी केली ते तं मले तवाच दिसलं. पण गुरुजी, हे तं नुसतं पान हाय जी! याले गाठ कुठी हाय?" "गाठ?" "पानाच्या बुडाशी दांडीवर गाठ राहते ना, तिथून मुळी फुटते. गाठीच्या खालून तोडा लागते. येवढं पोस्टमनले समजते! यायनं सांगतलं नाही का तुम्हाले?" आणि तिथं त्या थांबल्या, आणि मीही. सांगणार कधी? तो धडा भाऊ चोराच्या घरी जाऊन द्यायचे. माझ्या घरी तो झालाच नव्हता.

मग वहिनींनी डोळे पुसले, बाटलीतलं पान काढून बाहेर टाकलं आणि रिकामी बाटली माझ्या हातात दिली. "पुन्हा चोरा," त्या म्हणाल्या. "उद्या चार वाजता मी देवळात जाईन भजनाले. दार नुसतं लोटून ठेवीन." मी दारापर्यंत आलो तेव्हा मागून म्हणाल्या, "आन मले सांगू नका बरं आता."

दुसऱ्या दिवशी चार वाजता वहिनी खरोखरच बाहेर पडल्या. हातात टाळ, आणि कुणाकडे न बघता भरभर गेल्या. मी त्यांच्या घरात शिरलो. बैठकीत कुणी नव्हतं. मी चष्मा लावून, नीट गाठ बघून, गाठीच्या खालून, स्वतःच्या हातानं फांदी तोडली. चांगली वीतभर. खिशात घातली आणि बाहेर आलो. गल्ली जागी होती. एकीकडे पापड वाळत होते, एकीकडे स्कूटर धुणं चाललं होतं, समोरच्या ओट्यावर तिघं जण बसले होते. सगळ्यांनी मला बघितलं, आणि सगळे एकदम दुसरीकडे बघायला लागले. फांदीची दोन पानं खिशातून बाहेर लोंबत होती, ती मी आत ढकलली नाही. घर शेजारीच, पण मी उलटा वळलो आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन, सावकाश, एकेका दारासमोरून परत आलो. एकानं तरी ओरडावं, चोर म्हणावं, असं मनातून फार वाटत होतं... कुणी ओरडलं नाही. मग मी घरी आलो आणि फांदी पाण्यात ठेवली.